सुबोधची बाटली

हसू नका, पण आमच्या सुबोधची पाण्याची बाटली अजून भामरागडकडच्या त्या घाटातच आहे.

क्लबातले आम्ही सहाजण सायकलनं घाट चढून राह्यलो होतो. घडीत ऊन, घडीत पाऊस. एका वळणावर फांद्यांचा ढीग दिसला. वाघानं जिथी माणूस मारला, तिथी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक फांदी टाकाची, अशी आमच्याकडची रीत. पाचजणांनी टाकली.

सुबोध म्हणे, "मी नाई टाकत. मेलेल्याले फांदी काय कामाची?"

उभ्या उभ्या त्यानं बाटलीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, रिकामी बाटली सायकलले अडकवली अन निघाला.

वर पोचल्यावर पाहतो तर बाटली नाई.

"पडली असंल कुठी," म्हणे.

उतरताना त्याच वळणावर सगळ्यांचे ब्रेक लागले. ढिगावर बाटली उभी होती. झाकण घट्ट, आत काठोकाठ पाणी. अन दिवसभरात त्या रस्त्यानं आम्हाले एक माणूस भेटला नव्हता.

मी म्हटलं, "घे ना बे तुही बाटली."

सुबोधनं एक फांदी तोडली, ढिगावर हळूच ठेवली. मंग सायकलवर बसत म्हणे, "चला. माही नाई थे."

बाटलीवर त्याचंच नाव होतं, त्याच्याच अक्षरात.