लढाईची हद्द आखणारे रफिकभाई

अम्मी, शाहीनवहिनी, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला सांगितलंय, पण खरं सांगते, दमलेय मी. पाच दिवस एकच गोष्ट सांगतेय. फोनवर, बाजारात, शाळेत. रफिकभाई गेले. बारामतीच्या दुकानात, कुणाचा तरी मोबाइल दुरुस्त करता करता गेले. इतक्यांदा सांगूनही तोंडातून नीट निघत नाही.

मी वैशाली. काटेवाडीत शाळेत शिकवते. परवा अम्मींनी मला विचारलं, "तुमी दोघं मिळून करत काय होता गं?" तेवढंच सांगते.

आम्ही एक ऑनलाइन खेळ चालवत होतो. माळरान नावाचा. त्यात आपण एक माणूस व्हायचं. कुणी लोहार, कुणी वैद्य, कुणी शिपाई. आपापल्या मोबाइलवरून सगळ्यांनी एकाच जगात वावरायचं. तिथं कुणीही कुणालाही, कुठंही मारू शकत होतं. मेलेल्याजवळचं सगळं मारणाऱ्याचं. नियमच तसा होता, आणि तो आम्हीच केलेला.

डाळजच्या शकुंतलाकाकू समोर बसल्यात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या खेळायला लागल्या. तिथं त्यांनी वाटसरूंसाठी खानावळ काढली. येईल त्याला जेवण. आणि रोज संध्याकाळी एक जण यायचा, काकूंना मारायचा, कोठार लुटून जायचा. रोज. आठवडाभर काकूंनी सोसलं, मग फोन केला. म्हणाल्या, "रफिक, मी आता येत न्हाय. जीव रमवायला आले होते बाबा."

तो मारणारा अंथुर्ण्याचा. दत्ताभाऊ, नाव घेऊ का, असं मी सकाळीच विचारलं त्यांना. घ्या म्हणाले. दत्ताभाऊ ट्रॅक्टर दुरुस्त करतात.

मी म्हटलं, हाकला त्याला. रफिकभाई म्हणाले, आधी भेटतो. भरदुपारी दुकान बंद करून मोटारसायकलवर अंथुर्ण्याला गेले. परत आले ते हाकलणार नाही असं ठरवूनच. मग लढाईच बंद करा, मी म्हटलं. त्यालाही नाही. दत्ताभाऊ त्यांना म्हणाले होते, दिवसभर मालकाचं ऐकून घ्यायचं, घरी आलं की भावाचं. तेवढ्या खेळातच मी कुणाला भारी पडतो. रफिकभाई मला म्हणाले, "ताई, ह्याला लढायला जागा पायजे. फकस्त काकूंची खानावळ ती जागा न्हाय."

मला ते पटलं नाही. मी खेळाचं काम सोडलं. चार महिने बोलले नाही. चार महिने. बारामतीला आले तर त्यांच्या दुकानावरून मान वळवून जायचे.

त्या चार महिन्यांत ह्या माणसानं एकट्यानं खेळाचा अख्खा नकाशा नव्यानं मांडला आणि हद्द आखली. खेळातल्या नदीच्या पलीकडं लढाई. अलीकडं कुणी कुणाला हात लावायचा नाही. हद्द ओलांडणाऱ्याला आधी विचारायचं, पुढं कुणीही मारेल, जायचंय का? त्यानं हो म्हटल्याशिवाय पाऊल पुढं पडणार नाही. सोपं वाटतं ना? लढणारे म्हणाले, आम्हाला कोंडलं. बाकीचे म्हणाले, गुंडांना डोक्यावर बसवलं. दोन्हीकडच्या शिव्या त्यांनी एकट्यानं खाल्ल्या. तेव्हा मी कुठं होते?

मग ते डाळजला जाऊन काकूंना सांगून आले, आता या. काकू आल्या. खानावळ पुन्हा सुरू झाली. आणि एक दिवस त्या स्वतःच हो म्हणून नदीपलीकडं गेल्या. दत्ताभाऊंनी मारलंच त्यांना. काकूंनी मला फोन केला. मला वाटलं, रडतायत. तर हसत होत्या. म्हणाल्या, "आज मी आपणहून गेले होते गं. आज राग न्हाय आला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दुकानात गेले. माफी मागायची होती, ती काही जमली नाही. रफिकभाईंनी चहा सांगितला आणि काल भेटल्यासारखं थेट कामाचंच काढलं. नदीवरच्या पुलाचं काय करायचं? लढाईतनं पळून येणारी माणसं पुलावरच मरत होती. पूल लढाईत धरायचा, का अलीकडं? मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. तिसऱ्या दिवशी ते गेले.

काल दत्ताभाऊंचा फोन आला. मला वाटलं, आता हे पूल लढाईला मागणार. भांडायचंही त्राण नव्हतं माझ्यात. ते म्हणाले, "पूल अलीकडं घ्या, ताई. माघारी निघालेल्याला मारू नये."

मी पूल अलीकडं घेतला. रफिकभाईंना न विचारता केलेलं हे पहिलंच काम.

अम्मी, हे करत होतो आम्ही. आणि तुमचा मुलगा ते माझ्यापेक्षा चांगलं करत होता. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. आता तुम्हाला सांगते.

ह्यापुढं बोलवत नाही. ज्यांना दुआ मागायचीय त्यांनी मागा, बाकीच्यांनी हात जोडा. दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहू.

शाहीनवहिनी, तुम्ही उठू नका. बसूनच राहा.