करंगळीतलं प्लॅटिनम

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. साखरपुड्याची अंगठी असते कुणाची? देणाऱ्याची? घालणाऱ्याची? की — बघणाऱ्याची?

हां, पुढच्या रांगेतल्या ताई, हात पदराखाली नेऊ नका! आम्ही अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही.

तर ऐका! कराडला नलिनीबाई म्हणून एक बाई. त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद. बँकेत अधिकारी! आणि स्वभाव? इतका गुणी, की चहा घेणार की कॉफी विचारलं तर आधी आईकडे बघायचा. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. डॉक्टरांकडे वेगळं नाव असेल.

मुलगी ठरली आसावरी. ती डॉक्टर, पण गाई-म्हशींची. नलिनीबाई लोकांना सांगताना ‘डॉक्टर आहे’ एवढंच सांगायच्या आणि विषय हवामानाकडे न्यायच्या!

निघाली मंडळी अंगठी घ्यायला. नलिनीबाई, त्यांची बहीण सुमनमावशी, निनाद, आसावरी. सोन्याची? छे! सोनं काय, कामवालीच्याही कानात असतं! अंगठी प्लॅटिनमची, वर हिरा!

दुकानदाराने मखमलीवर अंगठ्या मांडल्या. आसावरीने एक उचलली. साधं वळं, हिरा आत बसवलेला. म्हणाली, “ही छान आहे. खडा वर आला की माझे हातमोजे फाटतात.”

नलिनीबाईंनी उंच खड्याची दुसरी पुढे केली, “अगं, पण खडा वर आला नाही तर लोकांना दिसणार कसा?”

“काकू, लोक माझ्या हातमोज्यात कशाला बघतील?”

आता मंडळी, इथे नीट लक्ष द्या. आसावरीला हिऱ्याचं काही नव्हतं हो! तिला एवढंच बघायचं होतं, हा माणूस आपल्या बाजूने एक वाक्य तरी बोलतो का. जन्म काढायचाय त्याच्याबरोबर! तिने विचारलं, “निनाद, तुला कुठली आवडली?”

निनादने ही बघितली, ती बघितली, आई बघितली! आणि म्हणाला, “दोन्ही छान आहेत.”

वाजवा हो पेटीवाले, अशा उत्तराला सूर दिलाच पाहिजे! — तबलजी, हसू नका. तुमचं अजून ठरायचंय.

घेतली! खडा असा वर आलेला, की त्यावर कावळा बसावा. आसावरी? म्हणाली असेल मनात, आणखी एकदा बघू.

साखरपुड्याचा दिवस! कार्यालय भरलं. नलिनीबाई डबी उघडून पाहुण्यांत फिरतायत. पहिल्याच खुर्चीवर चुलत नणंद. तिने चष्मा वर केला, डबीत वाकली आणि म्हणाली, “चांदीची का गं? असू दे, असू दे. भावना महत्त्वाची.”

आई गं! चांदीची! अहो, प्लॅटिनमचं दुःखच हे! घेताना सोन्याला लाजवतं आणि दाखवताना पैंजणाच्या पंक्तीला बसतं! आता चारशे पाहुण्यांना काय पावती दाखवायची?

“डबीत नाही कळत,” नलिनीबाई म्हणाल्या, “बोटात घातली की झळाळी बघ!” अंगठी आसावरीच्या मापाची. बाईंच्या मोठ्या बोटात जाईना. मग करंगळीत सारली. जोर लावला, गेली! आणि करंगळी वर करून बाई निघाल्या, “प्लॅटिनम हो! प्लॅटिनम!”

फिरून झालं. गुरुजी म्हणाले, “अंगठी आणा.” बाईंनी ओढली. येईना! साबण आणला. तूप आणलं. सुमनमावशीने पाय रोवून ओढली, बाईच पुढे आल्या, अंगठी जागेवर! करंगळी सुजली, लाल झाली, मग जांभळी.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “सोनार बोलवा, कापून काढा!”

“खबरदार!” नलिनीबाई किंचाळल्या. “बोट गेलं तरी चालेल, अंगठीला हात लावायचा नाही!”

आसावरी उठून जवळ आली. बोट बघितलं. म्हणाली, “निनाद, रक्त अडलंय आईंचं. मी दोऱ्याने प्रयत्न करते. नाही निघाली तर कापू ना? तू सांग.”

मंडळी, चारशे माणसं श्वास रोखून! आईचं बोट, आणि निर्णय मुलाचा. निनादने घाम पुसला आणि म्हणाला —

“आई म्हणेल तसं.”

विठ्ठला! अरे, आई तर बोट द्यायला निघालीय!

आसावरीने दोरा मागवला. बोटाच्या टोकाकडून अंगठीपर्यंत घट्ट गुंडाळला, शेवट अंगठीखालून ओढून काढला आणि एकेक वेढा सोडवत अंगठी पुढे आणू लागली. बाई कळवळल्या, “आई आई गं!”

“हलू नका काकू. म्हशीसुद्धा एवढ्या हलत नाहीत.”

निघाली! टाळ्या! गुरुजींनी अक्षता उचलल्या. आसावरीने अंगठी पुसली, निनादच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “आईंच्या बोटाला बर्फ लाव. निदान एवढं तरी कुणाला न विचारता कर.” आणि आईवडिलांना घेऊन, हार न घालता, कार्यालयाबाहेर पडली.

संपलं आख्यान.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, पोरगी उद्धट. म्हणा! पण गंमत सांगतो. ही कथा मी गावोगावी सांगतो. संपली की माणसं पाया पडायला येतात आणि हळूच विचारतात, “बुवा, दुकानदाराने अंगठी परत घेतली का हो?” ‘पोरीचं पुढे काय झालं’ हे आजवर एकानेही विचारलेलं नाही! तुम्हीसुद्धा तेच विचारणार होतात. खोटं बोलू नका, देवळात बसलाय!

मिळालं ना सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर? बघणाऱ्याची! आणि तो बघणारा आपण. आपल्याला दिसावी म्हणून खडा वर येतो, आणि आपण ‘चांदीची का?’ म्हणू म्हणून बोटं जांभळी होतात. आणि घरात कुणी विचारलं, तुझं काय मत, की आपण ‘दोन्ही छान’!

तेव्हा हात जोडा आणि मागा: देवा, बोटात काही नसलं तरी चालेल, पण आपल्या माणसासाठी वेळेवर तोंडातून एक वाक्य निघू दे!

म्हणा मोठ्याने! शेजारचा म्हणतोय का ते बघत बसू नका!