जिभेखालचा टाका

...नाही वो मॅडम, तुमच्यावर नाही हसून राहिली. हालू नका, टेप सरकते. तुम्ही म्हणत असान, ही टेलरबाई सकाळी सकाळी काय खाऊन बसली — काही नाही खाल्लं, चहा बी नाही झाला अजून. आत्ताच अर्चना सिस्टर गेल्या, घरोघरी लेकरांचं वजन घेतात त्या. माह्या नातीचं वजन केलं. तीन किलो तीनशे. तुम्हाले वाटंन त्याच्यात काय एवढं, लेकरं वाढतातच. पण पंधरा-सतरा दिवसांआधी हीच पोरगी दोन किलो सहाशे होती, आन् जन्मली तवा होती दोन किलो आठशे. मतलब वाढायच्या जागी घटून राहिली होती. म्हणून हसतो मी. तुम्ही सौंसरात नवीन, या गल्लीत कोणाले ठाऊक नाही असं काही नाही — तुम्हीच राहिल्या, तं ऐका. दुसरा हात खाली घ्या.

माही सून स्नेहा, लोधीखेड्याची पोरगी. पहिलीच खेप. डिलिव्हरी चांगली झाली, लेकरू गोरंगोमटं, पण छातीले लावलं का पकडे आन् सोडे, पकडे आन् सोडे, आन् टक टक टक असा आवाज करे — पाल चुकचुकते ना, तसा. तास-तास पाजे बिचारी. लेकरू थकून झोपे, दहा मिनिटांत पुन्हा रडे. स्नेहाच्या छातीले चिरा पडल्या, रक्त यायचं, ओढणीचं टोक दातात धरून पाजे ते. मी म्हटलं होईन, पहिलटकरणीचं असंच असते. आठ दिवस झाले, दहा झाले. लेकराच्या मांड्या पाहा तं कातडं लोंबून राहिलं. मंग घरातलं कोणीतरी म्हटलं तिले, का बाई, तुह्यात दूधच नाही. भाकड म्हटलं. असं म्हणू नये माणसानं, पण म्हटलं. आन् डब्याचं दूध आणलं, बाटली आणली. बाटलीतलंही अर्धं लेकराच्या गळ्यावर सांडे. त्या दिवसापासून स्नेहानं बोलणंच सोडलं. भाकरी करे, धुणं धुवे, भिंतीकडं तोंड करून लेकराले छातीले लावे — पण बोलणं नाही. सुमेध, माहा पोरगा, तो ऑफिसातून आला का तिच्याकडं पाहे आन् माह्याकडं पाहे.

मंग सोळाव्या दिवशी सिस्टर आल्या. वजन पाहिलं आन् बॅग खाली ठेवली. म्हणे, माह्यासमोर पाजून दाखव. तो टक टक आवाज ऐकला, हात धुतले, बोट घातलं लेकराच्या तोंडात, जीभ वर उचलून पाहिली. मलेही बोलावलं, म्हणे पाहा आजी. काय सांगू मॅडम, जिभेच्या खाली एक पातळ पडदा, शेंड्यापर्यंत आलेला — जीभ खाली टाका घालून शिवल्यासारखी. रडली तरी वर येत नव्हती, बाहेर येत नव्हती. सिस्टर म्हणे, दूध आहे हो आईले, ओढता येत नाही लेकराले. कोणाकोणाले असते असं, सगळ्यांचं कापा लागत नाही, पण हिचं डॉक्टरले दाखवा, उद्याच दाखवा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पांढुर्णा. मी, सुमेध, स्नेहा. डॉक्टरीणबाई लहानशी पोरगीच, तुमच्याएवढी. तिनं पाहिलं आन् कात्री काढली. आता मी तीस वर्षं झाले कात्री चालवून राहिली, खणाचा तुकडा वाया नाही जाऊ देत — पण ते इवलीशी कात्री पाहिली आन् मी चप्पल न घालता बाहेर. दाराशी कान लावून उभी. वाटलं आता किंचाळंन, आता किंचाळंन. एवढंसं रडली. आन् मंग गप. मी म्हटलं, गेली. सरकवलं दार — तं स्नेहाच्या मांडीवर, छातीले लागलेली. रक्ताचा एक थेंब दुपट्यावर, बस्स. आन् आवाज कसा? टक टक नाही. घुटुक. मंग थोडं थांबून, घुटुक. स्नेहाच्या दातात ओढणी नव्हती. मले वाटलं कोणी रेडिओ लावावा. तिथल्या आयाबाईले मिठी मारली मी, तिचं फडकं माह्या हातात आलं, आन् कोणाचा ठाऊक नाही, टेबल पुसत बसली.

हां, फिरा, पाठ करा इकडं. तं मंग डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता विचारते, घरात कोणाले होतं काय असं? मी म्हटलं, नाही बाप्पा, आमच्याकडं असं काही नाही. तिनं सुमेधकडं पाहिलं, म्हणे, जीभ काढा. त्यानं काढली. शेंड्याले मधोमध खाच, आन् ओठाच्या पुढं येईच ना. अहो, एकतीस वर्षांचा पोरगा माहा, 'र' म्हणता येत नाही त्याले. लहानपणी दुकानात 'चाल लुपयाचे बोल' मागे आन् दुकानदार त्याले बोलूच लावे. स्नेहाले पाहायले गेलो तवा मी बजावलं होतं, नाव विचारलं तं सांग, गाव विचारलं तं माह्याकडं पाहा. सगळे समजत, लाडानं बोलते.

माह्या काही ध्यानात नाही आलं त्या वेळेस, मी हसूनच राहिली होती. बसमध्ये बसलो. सावरगाव मागं पडलं. लेकरू झोपलेलं, ओठाले दूध लागलेलं. आन् स्नेहा — सात दिवसांनी बोलली मॅडम — म्हणे, "आई, मंग तुम्हालेई दूध होतं."

हे पाहा, पुन्हा हसू येऊन राहिलं. हसूच आहे ते, तुम्ही नका पाहू आरशात. सुमेधनं माह्या अंगावर दूध नाही पेलं. नाही म्हणजे, पकडे आन् सोडे. शेजारी शालिकराम होते, त्यांच्या शेळीचं दूध, कापसाच्या बोळ्यानं — त्याच्यावर वाचला तो. आन् माही सासू चार बायांत म्हणे, भाकड गाय आणली. देवमाणूस होती तशी ते, पण म्हणे. मी पदराखाली फडकी बांधून फिरे, ओली होत ते फडकी, दिवसातून तीनदा बदले, आन् तरी मले वाटे, असंन, आपल्यातच नसंन. ओलं फडकं हातात घेऊन वाटे. एकतीस वर्षं. परवा न्हाणीत मी एकटीच मोठ्यानं म्हटलं, होतं मले. बादलीले सांगितलं.

स्नेहाले कोण भाकड म्हटलं? म्हटलं ना मी, घरातलं कोणीतरी. आता घरात माणसं किती मॅडम — सुमेध म्हणंन काय? मीच म्हटलं. मीच. दुसरा कोणता शब्द आला नाही तोंडात, तोच आला, सासूच्या आवाजातच आला.

माफी? तिले तीन गाऊन शिवले मी, बाजूनं चेन लावून, पाजायले सोपे. एक आज घातला तिनं, फिका निळा. डिंकाचे लाडू केले. रात्रीचं लेकरू मी घेतो. तिले समजते ना सगळं. ते काही बोलते काय त्याच्यावर — नाही बोलत. मस्त हसते-बोलते आता.

नाही. म्हटलं नाही. तोंडानं नाही म्हटलं.

तुम्ही अशा काहून पाहून राहिल्या? ... बाहीचं माप राहिलं, हो, राहू द्या. तुमचा कपडा कुठं पळून जात नाही. उद्या या, सायंकाळून. आत्ता पाजून राहिली ते, एकटी आहे, सुमेध घरी नाही — आत्ताच म्हणून घेतो, मंग पुन्हा हसू येईन आन् राहून जाईन. जा मॅडम. जाताना दार लोटून घ्या.