रस्त्याकडची पट्टी

रचना : आज्जा, खरं सांग. रस्त्याकडच्या पट्टीतलं तण कुणी काढलं?

मारुतीराव : कोण काढणार गं दुसरं? मीच काढलं.

रचना : ती पट्टी तशीच ठेवायची होती. एका पट्टीत भांगलण करायची, दुसरीत तण वाढू द्यायचं आणि सुगीत दोन्हीकडच्या भाताचं वजन करायचं. हेच तर माझं संशोधन. आता दोन्ही पट्ट्या सारख्याच. मोजू काय?

मारुतीराव : एवढंच न्हवं? बांधावरचं गवत उपटून लावतो की परत.

रचना : हसवू नको. बीएस्सीच्या पोरांना संशोधन कोण देत न्हाय. अदिती मॅडमनी कॉलेजात भांडून मला घेतलंय. शनिवारी त्या बघायला येणार.

मारुतीराव : मग अंदाजानं लिही. तणातलं भात किती उतरतंय, आख्ख्या येळ्ळुरात कुणीबी सांगंल.

रचना : अंदाजच लिहायचा असता तर चिखलात कशाला उतरले असते? पेरतानाच तुला सांगितलतं. व्हय म्हणालतास.

मारुतीराव : म्हणालतो. ध्यानातबी हुतं. काल नुसता बघाय गेलतो. तेवढ्यात शेजारचा शामू गाडी थांबवून म्हणाला, "मारुतीराव, वैनी गेली आन् रानात तण आलं."

रचना : मग?

मारुतीराव : मग घरला आलो आन् तुझ्या आज्जीचं खुरपं काढलं. कायम रस्त्याकडची ओळ धरायची ती. बाकीच्या बायका आत, ही काठाला. जाणारी-येणारी तेवढंच बघत्यात म्हणायची. मी चिडवायचो, गुणा, रान दाखवायला हाय का पिकवायला? तर म्हणायची, दोन्हीला. भात फुलोऱ्यात आलं की वास पार रस्त्यापतोर जायाचा आन् ही बांधावर नुसती उभी. हाक मारली तरी यायची न्हाय. लई आठवण आली गं. खुरपं हातात घेतल्यावर हात थांबलाच न्हाय.

रचना : ती असती तर तिनंबी काढलं असतं.

मारुतीराव : तुला तणाचं रोप दिसायच्या आधी.

रचना : थांब. मॅडमना फोन करते. झालं तसं सांगते.

(ती अंगणात जाऊन बोलून परत येते.)

मारुतीराव : रागावली?

रचना : जरा रागावल्या. मग म्हणाल्या, जे घडलं ते तसंच लिही. आणि पुढच्या पावसाळ्यात परत पेर, संशोधनातली जागा तुझीच. पण आज्जा, पट्टी तिथंच लागणार, रस्त्याकडं. आणि तण कमरंएवढं वाढणार.

मारुतीराव : वाढू दे.

रचना : शामूकाका परत बोलणार. सगळा गाव बोलणार.

मारुतीराव : गावाला मी सांगतो, नातीचा अभ्यास हाय म्हणून.

रचना : मग आता कसला विचार करतोस?

मारुतीराव : गुणाला काय सांगायचं, तेवढं शिकव मला.