इंजिनाची शिट्टी

वैरागच्या एसटीला अजून अवकाश होता. रांगेत गोजरबाईच्या पुढं दोघे जण बोलत होते. रेल्वेच्या शेडमागं गंजत पडलेलं जुनं वाफेचं इंजिन दर रविवारी हौसेनं दुरुस्त करणाऱ्या मंडळींतले ते. गोजरबाईच्या नवऱ्यानं, धोंडीरामनं, जन्मभर तेच इंजिन चालवलं होतं. म्हणून तिनं कान दिला.

"यज्ञेश्वरराव, पितळ काय चकाकतंय हो. आरशासारखं."

"चिंच आणि राख, बाळू. दुसरं काही नाही."

"राख कुठून आणलीत?"

"इंजिनातच मिळाली. ड्रायव्हरच्या फळीखाली पुरचुंडी होती. पितळ घासायलाच ठेवली असणार कुणीतरी."

"कोळशाची?"

"नसावी. पांढुरकी होती, आत बारीक खडे. चाळून घेतली."

गोजरबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"पुरचुंडी लाल फडक्याची हुती का, दादा?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक, मावशी?"

"मीच ठेवली हुती. मालक गेले, तवा सावडल्यावर त्येंची मूठभर राख. इंजिनापाशीच ऱ्हातो म्हनायचे."

 यज्ञेश्वरराव नकळत पँटला हात पुसायला गेले आणि मधेच थांबले. ते हात कुठं ठेवावेत, हे त्यांना कळेना.

"मावशी, आम्हाला खरंच..."

"शिट्टी बी त्या राखंनंच घासली का?"

"सगळ्यात आधी शिट्टीच."

"ती त्येंनी कवा दुसऱ्या कुनाला घासू दिली न्हाय," गोजरबाई म्हणाली.