ब्रेकवरचा पाय

बुलावायोतल्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढची रांग हलायला तयार नव्हती. सिथांदेकिलेच्या पुढे एक म्हातारा गंजका बोल्ट तळहातावर घेऊन उभा होता, आणि त्याच्या पुढचा तरणा मेकॅनिक मान वळवून तो बोल्ट न्याहाळत होता.

"बाबा, ॲक्सलचा ना हा? डोकं पार गोल करून ठेवलंत की!"

"खाचेतली माती आधी खिळ्यानं कोरून काढायला हवी होती. घाई केली, पाना घसरला. मग छिन्नीच लावली."

"सहाच्या सहा काढलेत?"

"एकच. तीन दिवस गेले त्यात."

"ब्रेक दाबून धरायला कुणाला बसवलं नाहीत? नाहीतर ॲक्सल नुसता पान्याबरोबर फिरत बसतो."

"काठी लावली, सीट आणि पेडलच्या मध्ये. आधी बायको बसायची. पायाला मुंग्या आल्या की आतून माझा उद्धार करायची."

"मग काठी बरी की! कटकट तरी नाही."

"हं. कटकट नाही."

रांग एक पाऊल सरकली. म्हातारा जागचा हलला नाही, म्हणून सिथांदेकिलेही हलली नाही.

"मग उरलेले पाच कशापायी अडले?"

"पहिला सुटला ना, तसा मी सवयीनं गाडीखालूनच बायकोला हाक मारली, 'सोड गं ब्रेक, मासिबांदा, पुढच्या बोल्टसाठी चाक फिरवायचंय!'"

"मग?"

"चाक फिरेना. मला वाटलं, रुसलीय. पडून राहिलो वाट बघत. मग आठवलं, आत काठी आहे, ती गेल्याला वर्ष झालं."