रेडिएटरमधलं पाणी कोणी नेलं?
हसू नका, पण गाडीच्या रेडिएटरमधलं पाणीसुद्धा चोरीला जातं, असं मला एकदा खरंच वाटल्तं. तवा जालन्यात आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. माझा पाण्याचा ड्रम तर कायम कुलूपबंद.

एका उन्हाळ्यात जुन्या गाडीचा फुटका पाइप मी घरीच बदलला. ड्रम पार खरवडून रेडिएटर काठोकाठ भरला आन् चहा प्यायला आत गेल्तो. येऊन पाहतो तर पाणी चार बोटं खाली! गाडीखालची माती कोरडीठाक. आन् समोरच्या ओट्यावर शेजारचे आबा, हातात तांब्या.

"आबा, इथं कोणी आल्तं का?"

"न्हाई. सकाळपासून मीच बसेल हाये."

"मंग पाणी गेलं कुठं?"

आबांनी तांब्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. "माझ्यावर शक करून राह्यले का?"

आबा उठले. "इंजिन चालू करा. टोपण उघडंच राहू द्या."

थोड्या वेळानं रेडिएटर गुडगुडायला लागला. बुडबुडे निघाले, तसं पाणी आणखी खाली.

"आत हवा अडकेल होती," आबा म्हणले. "जीप चालवली हाये मी जिंदगीभर. आणा आता पाणी."

माझा ड्रम तर रिकामा. आबांनीच आपल्या ड्रममधून तांब्या-तांब्यानं आणून, बुडबुडे थांबेपर्यंत ओतलं. मला एक शब्द बोलले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर आबांच्या ड्रमला नवंकोरं कुलूप.